अभ्यासक्रम मंजूर झाला, मग शिष्यवृत्तीच्या यादीत का दिसत नाही?

जून उजाडला की एसटी स्टँडसमोरच्या खांबांवर कॉलेजांचे फ्लेक्स चढतात. वर मोठ्या अक्षरांत ‘यंदापासून नवीन अभ्यासक्रम’, त्याखाली ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त’ आणि सगळ्यात खाली ‘शासकीय शिष्यवृत्तीची सोय’. पहिल्या दोन ओळी बहुतेक वेळा खऱ्या असतात. गोची तिसऱ्या ओळीत असते. प्रवेश होतो, वर्ग सुरू होतात आणि मग एक दिवस मुलगी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरायला बसते. जिल्हा निवडते, तालुका निवडते, कॉलेजचं नावही सापडतं. पुढच्या यादीत तिचा अभ्यासक्रमच नसतो. ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘वरून मॅपिंग झालेलं नाही, थांबा.’

हे ‘वरून’ म्हणजे कुठून? विद्यापीठातून, मंत्रालयातून, पुण्याच्या संचालनालयातून की दिल्लीहून? बहुतेक पालकांना हे सगळं एकच ‘सरकार’ वाटतं, त्यामुळे चुकीच्या दारात चकरा होतात. मुळात भानगड अशी आहे की नव्या पदवीला ‘हो’ म्हणणारी माणसं वेगळी आणि त्या पदवीच्या फीचे पैसे द्यायला ‘हो’ म्हणणारी वेगळी. त्यांच्या बैठका वेगळ्या, वेळापत्रकं वेगळी, आणि एकांनी घेतलेला निर्णय दुसऱ्यांवर बंधनकारक नाही. ही रचना एकदा डोक्यात बसली की वर्तमानपत्रातल्या ‘सिनेटमध्ये गदारोळ’ छापाच्या बातम्यांचाही अर्थ लागायला लागतो.

विद्यापीठ म्हणजे नेमकं कोण?

मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे, शिवाजी, संत गाडगेबाबा अमरावती अशी राज्यातली सरकारी अकृषी विद्यापीठं ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ या कायद्यानं चालतात. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला; त्याआधी १९९४ चा कायदा होता. राज्यपाल कुलपती, रोजचा कारभार कुलगुरूंकडे, कागदपत्रं कुलसचिवांकडे आणि पैशाचा हिशोब वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे. पण निर्णय यांतला कुणीही एकटा घेत नाही. कायद्यानं त्यासाठी मंडळं नेमून दिली आहेत, त्यांना ‘प्राधिकरणं’ म्हणतात.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना ती पटकन कळतील. अधिसभा, म्हणजे सिनेट, ही सोसायटीची सर्वसाधारण सभा: वर्षातून किमान दोनदा भरते, अंदाजपत्रकावर आणि हिशोबावर चर्चा करते, प्रश्न विचारते. व्यवस्थापन परिषद ही मॅनेजिंग कमिटी: नेमणुका, कंत्राटं, खर्चाला मंजुरी. सोसायटीत नसलेलं तिसरं मंडळ म्हणजे विद्या परिषद. काय शिकवायचं, कोणती पदवी द्यायची, परीक्षा कशी घ्यायची, हे तिथं ठरतं. गच्चीवर आणखी एक मजला चढवावा का, यावर या तिसऱ्या मंडळात तासन्‌तास चर्चा होते. त्या मजल्यावर जाणाऱ्या लिफ्टचं बिल कोण भरणार, हा विषय त्याच्या विषयपत्रिकेवर नसतो.

विद्या परिषदेच्या खाली चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीला एक अधिष्ठाता, म्हणजे डीन. त्यांच्याही खाली विषयवार अभ्यास मंडळं. अभ्यासक्रमाचा पहिला कागद या अभ्यास मंडळात लिहिला जातो आणि खरं सांगायचं तर बहुतेक गोष्टी तिथंच ठरतात. वरच्या सभांमध्ये विषयपत्रिका इतकी जाड असते की एखाद्या नव्या पदविकेच्या वाट्याला दोन मिनिटं आली तरी पुष्कळ.

नवी पदवी जन्माला कशी येते?

दोन वाटा आहेत. विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारातल्या विभागाला नवा अभ्यासक्रम काढायचा असेल तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद असा प्रवास होतो. नवी पदं लागणार असतील, इमारत लागणार असेल, तर मामला व्यवस्थापन परिषदेकडे जातो. तुमच्या गावातल्या संलग्न कॉलेजची वाट मात्र लांबची. त्यासाठी विद्यापीठाकडे ‘बृहत आराखडा’ असतो. कोणत्या तालुक्यात कोणतं कॉलेज, कोणता विषय हवा आहे, याचा पाच वर्षांचा नकाशा. तो विद्या परिषदेच्या शिफारशीनं अधिसभा मंजूर करते आणि पुढे राज्याच्या उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे, म्हणजे ‘माहेड’कडे, जातो. या आयोगाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. आराखड्यात ठिकाण नसेल तर कॉलेजचा अर्ज विचारातच घेता येत नाही.

ठिकाण असेल तर अर्ज, छाननी, मग शासनाची परवानगी आणि त्यानंतर विद्यापीठाची संलग्नता. मध्ये स्थानिक चौकशी समिती येऊन प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षकांच्या नेमणुका पाहून जाते. कॉलेजांत तिला एलआयसी म्हणतात, विम्याशी काही संबंध नाही. समिती येणार त्या आठवड्यात ग्रंथालयात नव्या पुस्तकांचे गठ्ठे येतात आणि भिंतींना रंग लागतो, हे कॉलेजात शिकलेल्या कुणालाही सांगायला नको.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की विद्यापीठ फक्त शिफारस करतं, शेवटची परवानगी राज्य शासनाची. आणि पदवीचं नाव मनाला येईल ते ठेवता येत नाही. १९५६ च्या यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, कायद्याच्या २२ व्या कलमानुसार यूजीसीनं राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या नावांचीच पदवी देता येते. म्हणून ‘बी.एस्सी. (अमुकतमुक)’, ‘बी.कॉम. (अमुकतमुक)’ अशी कंसवाली नावं एवढी दिसतात. नाव जुनं, कंसात नवा माल.

अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, विधी यांसारख्या अभ्यासक्रमांना यावर आणखी एक दार लागतं, ते आपापल्या राष्ट्रीय परिषदेचं. स्वायत्त महाविद्यालयांना अभ्यासक्रम ठरवण्याची बरीच मोकळीक आहे, त्यांची स्वतःची विद्या परिषद असते. पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते.

या सगळ्या प्रवासात एक शब्द फार महत्त्वाचा आहे आणि तो फ्लेक्सवर कधीच नसतो: ‘कायम विनाअनुदानित’. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार शासन देतं, म्हणून फी परवडण्याजोगी राहते. विनाअनुदानित तुकडीत शिक्षक, वीज, प्रयोगशाळेतली रसायनं, सगळं फीमधून भागवायचं. गेली वीसेक वर्षं राज्यात नवी कॉलेजं आणि नव्या तुकड्यांना परवानगी मिळते ती बहुतांशी याच अटीवर. त्यामुळे नवा अभ्यासक्रम म्हणजे जवळजवळ नेहमीच महाग अभ्यासक्रम. एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दोन वर्गांत फीमध्ये दहापट फरक असू शकतो.

पैसे कोण देतं?

विद्यापीठ देत नाही. निदान मोठे पैसे तरी नाही. फीची भरपाई राज्य शासनाच्या वेगवेगळ्या खात्यांमधून होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभाग, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभाग, ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला अजून सगळे ‘ईबीसी’च म्हणतात, ती उच्च शिक्षण आणि तंत्रशिक्षण संचालनालयांकडे. राहण्या-खाण्यासाठी आणखी निराळ्या योजना: पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्. अर्ज एकाच महाडीबीटी पोर्टलवर होतात म्हणून योजना एकच वाटते. आतून प्रत्येक खात्याचं शीर्ष, निकष आणि तरतूद स्वतंत्र आहे.

केंद्राचा वाटाही असतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (उत्पन्न मर्यादा अडीच लाख) डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ६०:४० चं सूत्र ठरवलं: साठ टक्के केंद्र, चाळीस टक्के राज्य. पाच वर्षांचा एकूण खर्च ५९,०४८ कोटी रुपये धरला होता आणि त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येतो. विद्यार्थ्यानं तो कॉलेजला भरायचा, अशी अपेक्षा.

आता मूळ मुद्दा. एखादं खातं फी भरायला तयार होण्याआधी तीन कागद मागतं: अभ्यासक्रमाला शासनाची परवानगी आहे का, विद्यापीठाची चालू वर्षाची संलग्नता आहे का, आणि त्याची फी सक्षम अधिकाऱ्यानं ठरवून दिलेली आहे का. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, बाकीच्यांची विद्यापीठ. हे तिन्ही कागद जमले की अभ्यासक्रम, त्याची मुदत, मंजूर जागा आणि मंजूर फी पोर्टलवर चढते. हेच ते ‘मॅपिंग’. एक कागद उशिरा आला तरी यादीत नाव दिसत नाही. परवानगीचं पत्र जूनअखेर हातात पडलं, संलग्नता ऑगस्टमध्ये, फीचा आदेश त्याच्याही नंतर, हे अजिबात दुर्मीळ नाही.

म्हणजे कॉलेजचा क्लार्क खोटं बोलत नसतो. फ्लेक्स लावणाऱ्यानं थोडी घाई केलेली असते, एवढंच.

बीएमएसचं बी.कॉम. झालं, ते वर्ष

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं, ते २०२४ साली पाहायला मिळालं. तोवर बीबीए, बीसीए, बीएमएस हे व्यवस्थापन आणि संगणकाचे, विद्यापीठाच्या अखत्यारीतले साधे पदवी अभ्यासक्रम होते. बारावीचे गुण, मेरिट लिस्ट, प्रवेश. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, ते आपल्या कक्षेत घेतले. मान्यता परिषदेची, म्हणून महाराष्ट्रात प्रवेश सीईटीनं, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेनं, आणि केंद्रीभूत फेऱ्यांमधून. मे महिन्यात सीईटी झाली. अनेक मुलांना ती आहे हेच उशिरा कळलं. परीक्षा दिलेल्यांपेक्षा जागाच जास्त निघाल्या. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली.

कॉलेजांनी काय केलं? ज्यांना परिषदेच्या अटी, तपासणी आणि रिकाम्या जागांची धास्ती नको होती, त्यांनी त्याच वर्गाला दुसरं नाव घेतलं. मुंबईत बीएमएसच्या जागी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) आलं. बी.कॉम. ही पदवी यूजीसीच्या यादीत पूर्वीपासून आहे, तिला परिषदेची मान्यता लागत नाही, सीईटी लागत नाही. अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेच्या दृष्टीनं हा स्वच्छ शैक्षणिक निर्णय होता. मुलांची सीईटीतून सुटका झाली, वर्ग भरले. कॉलेजांना दोष द्यावा असंही मला वाटत नाही. प्रवेशाच्या तोंडावर खेळाचे नियम बदलले तर दुसरं काय करणार?

पण त्याच वर्षी, ८ जुलै २०२४ ला, राज्य शासनाचा एक मोठा निर्णय आला. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत. आधी ती पन्नास टक्के होती. हा जीआर नीट वाचला तर तो दोन शब्दांवर उभा आहे: ‘व्यावसायिक अभ्यासक्रम’ आणि ‘केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया’. सीईटी देऊन बीबीएला गेलेल्या मुलीच्या बाजूनं दोन्ही शब्द आहेत. तिच्याच शेजारच्या बाकावरून बारावी झालेली आणि बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) घेतलेली मुलगी जवळपास तेच विषय शिकते. तिच्या बाजूनं एकही शब्द नाही.

विद्या परिषदेत पदवीचं नाव बदलताना या मुलीच्या फीचा हिशोब कुणी मांडला असेल का? तो मांडायचा असतो असं कायद्यात कुठे लिहिलेलंच नाही. आणि मंत्रालयात जीआर लिहिणाऱ्यांच्या समोर वर्षानुवर्षं चालत आलेली अभियांत्रिकी-फार्मसीची यादी होती. दोघांनीही आपापलं काम नियमानं केलं.

या जीआरबद्दल आणखी दोन गोष्टी पालकांना उशिरा कळतात. शंभर टक्के म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्काचे शंभर टक्के. विकास शुल्क, वसतिगृह, मेस त्यात नाही. आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्था स्तरावरचा प्रवेशही चालत नाही. त्यामुळे ‘युनिव्हर्सिटी’ अशी पाटी दिसली की ती सार्वजनिक की खासगी, हे आधी पाहायचं. गंमत म्हणजे खासगी विद्यापीठात पदवी आणि फी दोन्ही एकाच छताखाली ठरतात, तिथं खात्या-खात्यांतला घोळ नाही. फक्त या सवलतीचा दरवाजाही नाही.

‘मग विद्यापीठच फी माफ का करत नाही?’

आंदोलनांमध्ये ही मागणी हमखास असते. तिचं उत्तर विद्यापीठाच्या खिशात आहे. संलग्न कॉलेजची शिकवणी फी कॉलेजकडे राहते. विद्यापीठाकडे येतं ते परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, नोंदणी, पात्रता वगैरे. विद्यापीठाच्या मंजूर पदांचे पगार शासनाच्या अनुदानातून. म्हणजे जी फी घरच्यांना जड जाते, ती माफ करण्याचा अधिकार बहुतांशी विद्यापीठाच्या हातात नाहीच. जी माफ करता येते ती तुलनेनं लहान.

लहान म्हणून तिचं मोल कमी नाही. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांतल्या मुलांचं परीक्षा शुल्क माफ होतं, त्याची भरपाई शासन करतं. कोविडच्या काळात, २०२१ साली, वापरातच नसलेल्या ग्रंथालय-जिमखान्यासारख्या शीर्षांखालची फी विद्यापीठांनी कमी केली. हे निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतात आणि तिच्यावर दबाव आणता येतो.

विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशातून चालणारी खरी मदत म्हणजे विद्यार्थी विकास मंडळाकडची ‘कमवा व शिका’. विद्यार्थी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत ठरावीक तास काम करतो आणि तासावर मानधन घेतो. पुणे विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं आहे, आणि ते योग्यच. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, ते श्रमाच्या बदल्यात शिक्षण याच तत्त्वावर. तिथं शिकवायचं काय आणि गरीब मुलगा जेवणार कसा, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या डोक्यात होते. आजच्या योजनेत तासाचा दर किती आणि किती मुलं घ्यायची, हे अंदाजपत्रकातल्या एका ओळीनं ठरतं. मार्च महिन्यात अधिसभेच्या अर्थसंकल्पी बैठकीत ती ओळ समोर येते. तिच्यावर बोलणारे सदस्य थोडेच. नवी इमारत आणि प्रवेशद्वारावर जास्त वेळ जातो.

‘शासन फी देणार आहे, तर कॉलेज आधी पैसे का मागतं?’

नियम स्पष्ट आहे: जी रक्कम शासन भरणार आहे, ती पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी घेऊ नये. तशी परिपत्रकं दरवर्षी निघतात. तरीही मागतात. का, ते आकड्यात पाहू. समजा, साठ जागांचा एक विनाअनुदानित वर्ग आहे, फी चाळीस हजार. भरला तर वर्षाला चोवीस लाख. त्यातल्या तीस मुलांची फी शासनाकडून यायची आहे, म्हणजे बारा लाख उधारीवर. ती रक्कम पुढच्या वर्षी, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी येते. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीवरच्या, शिक्षकांना मात्र पैसे याच वर्षी द्यायचे असतात. तेही अनेक ठिकाणी वेळेवर मिळत नाहीत, हा वेगळा विषय. वर्ग अर्धाच भरला तर पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बंद करायची वेळ येते.

मग कॉलेज ‘आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू’ म्हणतं. नियमानं ते चूकच आहे. कारण समजलं म्हणून ते बरोबर होत नाही. ज्या घरात चाळीस हजार असते, तिथं शिष्यवृत्तीची गरजच कशाला पडली असती?

उलट बाजूही आहे. केंद्राचा साठ टक्के हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो तेव्हा घरी पेरणी असते, कुणाचं तरी आजारपण असतं. पैसे खर्च होतात. मग कॉलेज गुणपत्रिका अडवून धरतं, मुलगा तोंड चुकवायला लागतो. थेट खात्यात पैसे देण्यामागचा हेतू चांगला होता, मधल्या बोगस संस्थांनी शिष्यवृत्त्या लाटल्याची प्रकरणं राज्यानं पाहिलेली आहेत. पण आता वसुलीचं भांडण विद्यार्थी आणि कॉलेज यांच्यात लागतं, आणि त्यात कमजोर कोण हे उघड आहे.

‘सिनेट म्हणजे राजकारण्यांचा आखाडा, तिचा उपयोग काय?’

आखाडा आहे, यात वाद नाही. मुंबई विद्यापीठात नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची निवडणूक लांबत लांबत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, तीही उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर. दहाही जागा युवासेनेनं जिंकल्या. मतदार किती होते? साधारण तेरा हजार. ज्या विद्यापीठातून दरवर्षी लाखाच्या घरात मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, तिथले तेरा हजार. बाकीच्यांनी नोंदणीच केलेली नव्हती. विद्यार्थी संघाच्या खुल्या निवडणुका तर नव्वदच्या दशकापासून बंद आहेत. २०१६ च्या कायद्यात तरतूद होऊनही कॅम्पसमध्ये त्या पुन्हा काही परतल्या नाहीत.

तरी उपयोग आहे. अधिसभेत प्रश्न विचारला की प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं. गेल्या वर्षी मंजूर केलेल्या नव्या अभ्यासक्रमांपैकी किती चालू झाले, किती महाडीबीटीवर चढले, किती विद्यार्थ्यांना फीची भरपाई मिळाली, हा प्रश्न कुठल्याही सदस्याला विचारता येतो. बृहत आराखडा तर अधिसभेच्या मंजुरीशिवाय पुढे जातच नाही. अभ्यासक्रमाची शिफारस करतानाच त्याच्या फीचा आणि शिष्यवृत्तीच्या पात्रतेचा कागद जोडावा, असा ठराव करायला कुणाची आडकाठी नाही. ठराव शासनावर बंधनकारक नसतो, पण मॅपिंगचं ‘वरून’ नेमकं कुठं अडलं, ते निदान कागदावर येईल.

चौथ्या वर्षाचं काय?

नवीन शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठ विभागांत, २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवी रचना आली. तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स पदवी. पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष २०२६-२७ मध्ये येतं. ‘एकूण वर्षं तेवढीच, कारण चार वर्षांनंतर एम.ए. एकाच वर्षाचं’ असा युक्तिवाद आहे आणि गणितात तो बरोबर आहे. व्यवहारात दोन गोष्टी बदलतात. एम.ए.ला जाण्याचा विचारही न केलेल्या मुलासमोर आता ‘ऑनर्स नसेल तर नोकरीत मागे पडशील’ अशी भीती उभी राहते. आणि चौथं वर्ष अनुदानित तुकडीत बसवलं की विनाअनुदानित, यावर त्या वर्षाची फी ठरते. विद्या परिषदेच्या कागदावर हा श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा, प्रश्न आहे, तीन वर्षांचे १२० ते १३२, चार वर्षांचे १६० ते १७६. घरी तो आणखी एका वर्षाच्या खोलीभाड्याचा प्रश्न आहे.

प्रवेशाआधी कुणाला काय विचारायचं?

कॉलेजच्या ऑफिसात ‘शिष्यवृत्ती मिळते का?’ असं विचारू नका, ‘मिळते’ असंच उत्तर येणार. याच अभ्यासक्रमाच्या मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज महाडीबीटीवर मंजूर झाले का, हे विचारा. अभ्यासक्रम पहिल्यांदाच सुरू होत असेल तर शासनाच्या परवानगीचं आणि चालू वर्षाच्या संलग्नतेचं पत्र दाखवायला सांगा. दोन वेगळी पत्रं असतात. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, हे प्रवेशाच्या पावतीवर लिहून घ्या. पावतीवर शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं दाखवलेलं असलं पाहिजे, कारण भरपाई कशाची मिळेल ते त्यावरच कळतं. प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झाला असेल तर वाटपाचं पत्र जपून ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या गडबडीत नको, मे महिन्यातच काढा. आणि अर्ज मंजूर झाला म्हणजे संपलं असं नसतं. पोर्टलवर परत जाऊन व्हाउचर ‘रिडीम’ करायचं राहिलं म्हणून पैसे अडकलेली मुलंही आहेत.

कॉलेजनं शासन भरणार असलेली फी आधी मागितली तर तक्रार विद्यापीठाकडे न करता थेट त्या योजनेच्या खात्याच्या जिल्हा कार्यालयात करा. अनुसूचित जातींसाठी ते सहायक आयुक्त, समाजकल्याण. सोबत पावती किंवा मागणीची लेखी नोंद हवी, तोंडी तक्रारीला तिथं वजन नाही.

आणि तालुक्यात कोणता अभ्यासक्रम यावा यावर तुमचं म्हणणं असेल, तर त्याची वेळ प्रवेशाच्या कितीतरी आधीची असते. सध्याचा बृहत आराखडा २०२४-२५ ते २०२८-२९ या पाच वर्षांचा आहे. पुढच्या आराखड्याची जुळवाजुळव तो संपण्याआधीच सुरू होईल, तेव्हा विद्यापीठं लोकांकडून सूचना मागवतात. त्याची जाहिरात संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात येते आणि मुदत थोड्या दिवसांची असते. सूचना पाठवणाऱ्यांत बहुतेक संस्थाचालकच असतात, कारण जाहिरातीवर नजर ठेवून तेवढेच बसलेले असतात.